सिंकखालचा ड्वेन आणि राखाडी बगळा

ड्वेनचे दोन्ही हात सिंकखाली होते आणि नेमक्या त्याच वेळी टेबलावरच्या माझ्या लॅपटॉपवर त्याची पोस्ट आली. टिंग. मी आधी पडद्याकडे पाहिलं, मग जमिनीवर उताण्या पडलेल्या त्या माणसाकडे. कमरेपासून खालचा नवरा बाहेर, बाकीचा कपाटात. एका हातात पाना, दुसऱ्या हातात टॉर्च. त्याचा फोन माझ्यासमोर, पावाच्या पिशवीशेजारी ठार काळा पडलेला. "लॉर, ते पातेलं जरा आत सरकव," तो आतून म्हणाला. मी वाकून पातेलं सरकवलं. पुन्हा खुर्चीवर बसले आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. 'राखाडी बगळ्याने तुम्हाला उत्तर दिलं आहे.' उत्तर उघडायचं माझं धाडस होईना. कारण गेले दोन महिने मी ज्या बगळ्याशी रोज बोलत होते, ज्याच्या शब्दांवर विसंबून मी नवऱ्याला उद्यापासून घरी परत ये म्हणून सांगून बसले होते, तो बगळा सिंकखाली नव्हता. तो दुसरीकडे कुठेतरी बसून आरामात टाइप करत होता. म्हणजे तो ड्वेन नव्हता. कधीच नव्हता.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. झालाच होता म्हणा थोडा. 'हॅलिडन स्टेशन' ही मालिका बंद पडून कैक वर्षं झाली, पण आम्ही चारपाचशे माणसं अजून तिच्यातच राहतो. सूर्यापासून लांब, अंधारात, अवकाशातलं एक जुनंपुराणं बंदर, तिथे येणारी-जाणारी गलबतं, कप्तान ऑरिक आणि इंजिनं सांभाळणारी वेशा. वेशा आपल्यातली नाही, दुसऱ्याच कुठल्या ग्रहाची. तिच्या लोकांत खरी गोष्ट एकदाच बोलतात. तीच पुन्हा बोललं की त्यांच्या लेखी ती खोटी झाली. तर तिसऱ्या सीझनमध्ये वेशा ऑरिकला सांगते, "मला इथेच राहायचंय, तुझ्याजवळ." ऑरिक नकाशात डोकं घालून बसलेला. तो म्हणतो, "हं." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी वेशा छोटं यान घेऊन निघून जाते, आणि कप्तान खिडकीशी उभा राहून बघत राहतो. त्या एका 'हं'वरून आमच्या फोरमवर दोन तट पडलेत. 'वळवा'वाले म्हणतात, ऑरिकने स्टेशन वाऱ्यावर सोडून तिच्यामागे जाऊन तिला माघारी वळवायला हवं होतं. 'जाऊ द्या'वाले म्हणतात, जिने जायचं ठरवलं तिला जाऊ द्या. मी पहिल्यापासून कट्टर वळवावाली. या भांडणापायी मी लोकांना काय काय बोललेय! दिवसभर चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेमा बसवताना मी अगदी साखर असते. फोरमवर मात्र जीभ तलवार.

आमच्या फोरमचा एक नियम आहे, आणि माझा सगळा घोळ त्या नियमाने केला. फोरमला आम्ही डेक म्हणतो; डेकवर फक्त डेकचंच बोलायचं. कोण काय काम करतं, कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं ऑपरेशन आहे, घरचं अक्षरही काढायचं नाही. एका वर्षी कुणीतरी मुलाच्या पदवीचा फोटो टाकला, तर तासाभरात काढायला लावला. तुम्हाला हे निष्ठुर वाटेल. मला तर तो स्वर्ग वाटायचा. जगात एक जागा अशी की जिथे कुणी 'कशी आहेस' विचारत नाही, 'वेशाचं चुकलं का' एवढंच विचारतं. पण त्यामुळे होतं काय, की नावामागचं माणूस कोण, त्याचा पत्ता लागत नाही. बाई की बाप्या, म्हातारं की पोर, काही नाही. आणि माणसाचं मन असं आहे की रिकामी जागा दिसली की ते तिथे कुणालातरी आणून बसवतंच. मी माझ्या नवऱ्याला बसवलं.

सप्टेंबरात ड्वेन त्याच्या भावाकडे राहायला गेला. कर्टिसच्या गॅरेजवर एक खोली आहे. भांडण नाही, तंटा नाही. थोडे दिवस वेगळं राहून बघू, असं मीच म्हणाले आणि तो "बरं" म्हणाला. ड्वेन वाईट माणूस नाही हो. दारू नाही, शिवी नाही, पगार सरळ घरी. फक्त त्याच्याशी बोललेलं त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याआधी एका शुक्रवारी आम्ही चर्चच्या हॉलमध्ये तळलेला मासा खायला गेलो होतो, आमच्याकडे सगळेच जातात तसे. आजूबाजूला गलका, पोरं टेबलांखालून धावतायत, आणि मला काय झालं कोण जाणे, मी एकदम म्हणाले, "ड्वेन, मला त्या घरात फार एकटं वाटतं." त्याने वर पाहिलं. माझ्या ताटाकडे पाहिलं. म्हणाला, "तुझी ती कोबीची कोशिंबीर खाणार नसशील तर इकडे दे." मी दिली. काय करणार? वाटी उचलून त्याच्या पुढ्यात ठेवली, आणि मनात म्हटलं, झालं. त्या दिवशी घरी येऊन मी वेशाचा तो भाग पुन्हा लावला आणि भडाभडा रडले. म्हटलं ना, परिणाम झाला होता.

तर तो गेला, आणि त्याच आठवड्यात आमच्या फोरमचा दरवर्षीचा सोहळा सुरू झाला. पहिल्यापासून एकेक भाग रोज संध्याकाळी सगळ्यांनी बघायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बोलायचं. मी बघत होते. आणि एक दिवस टीव्ही लावला तर पुढच्या भागाच्या चित्राखाली लाल रेघ! म्हणजे तो भाग कुणीतरी अर्धाअधिक बघितलेला. आमचं खातं एकच, त्याचा पासवर्ड कर्टिसच्या टीव्हीवरही आहे, तेव्हा तो कोण हे सांगायला ज्योतिषी नको. ज्या माणसाने इतकी वर्षं माझ्या मालिकेला 'ते डबड्यातलं भांडण' म्हटलं, तो गॅरेजवरच्या खोलीत बसून एकटा 'हॅलिडन' बघतोय. माझ्या छातीत काहीतरी हललं. खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी पुन्हा रेघ. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आणि त्याच सुमारास फोरमवर नवीन नाव आलं, राखाडी बगळा. ड्वेनला पक्ष्यांचा नाद आहे. पहाटे तळ्यावर जाऊन बगळे बघत उभा राहतो, ते बिचारे एका पायावर आणि हा दोन्ही पायांवर. आता सांगा, माझ्या जागी तुम्ही काय समजला असता?

बगळा कमी बोलायचा, पण बोलायचा ते काळजात रुतायचं. वेशाच्या त्या भागानंतर दोन्ही तट नेहमीसारखे एकमेकांच्या झिंज्या उपटत होते, तेव्हा त्याने लिहिलं, "ऑरिकने ऐकलं होतं. त्याला एवढंच वाटलं की ती पुन्हा म्हणेल. फार वर्षं बरोबर राहिलेल्या माणसांना नेहमी वाटतं की समोरचा पुन्हा म्हणेल." मी ते वाचलं आणि माझ्या हातातला चहा तसाच निवला. इतकी वर्षं लोकांनी 'हं'चे हजार अर्थ लावले, पण हा अर्थ आतून आलेला होता, त्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा. मला वाटलं, ड्वेन सांगतोय मला. तोंडाने त्याला कधी जमलं नाही, म्हणून बगळा होऊन सांगतोय. मग काय विचारता! लेकी बोले सुने लागे तसं आमचं सुरू झालं. मी लिहायची, "वेशाला एकदा तरी विचारायचं की तुला हवंय तरी काय." तो लिहायचा, "विचारायची भीती वाटते, कारण उत्तर मिळालं तर बदलावं लागतं." मी लिहायची, "ती एकटी होती." तो लिहायचा, "तोही होता, पण त्याला काम होतं, म्हणून कळलं नाही." रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी ते वाचायची, आणि मग दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत बघताना मला उगीच हसू यायचं. ड्वेनला मी फोन करायला लागले. फोनवर तो नेहमीचाच, "बरं आहे, थंडी पडली, कर्टिसच्या गाडीचं टायर गेलं." मला वाटायचं, बघा कसा लपवतो! रविवारी बेकरीतून गरम हॅम आणि पाव आणून मी त्याला जेवायला बोलवायला लागले. आणि गेल्या रविवारी, तो पावावर मोहरीची चटणी चोपडत असताना, मी म्हणाले, "तुला वाटत असेल तर परत ये." त्याने घास गिळला. "बरं," म्हणाला, "पुढच्या रविवारी सामान आणतो." उद्या तो रविवार. आज तो नळ दुरुस्त करायला आला होता, आणि बाहेर त्याच्या पिकअपमध्ये दोन खोकी आजच येऊन बसली होती.

"कुठला पाना वापरलाय आधी, सगळे आटे खाऊन टाकलेत," सिंकखालून आवाज आला.

"तूच बसवला होतास," मी म्हणाले.

"हो का? मग चांगलाच बसवला असेल."

मी त्याच्या बुटांकडे बघत बसले. एका बुटाची नाडी सुटलेली. मनात विचारांचा नुसता कालवा. म्हटलं, थांब लॉर्ना, घाई करू नकोस. कुणी सांगावं, आधी लिहून ठेवून वेळ लावून पाठवता येत असेल. ड्वेनला? जो अजून चेक लिहून पोस्टाने पाठवतो तो? तरी म्हटलं, विचारून बघू. माझा आवाज मलाच परका वाटला. "ड्वेन, वेशाने बरोबर केलं का रे?"

"कुणी?"

"वेशाने. 'हॅलिडन'मधल्या. निघून गेली ते."

आत थोडी खुडबुड झाली. "ती निळी बाई?"

"निळी नाही. निळा तो स्वयंपाकी. वेशा इंजिनवाली. तू रोज बघतोस ना? मला रेघ दिसते लाल."

"हां, ते होय! बघत नाही ग. लावून ठेवतो. गॅरेजवर इतकं सामसूम असतं की झोपच लागत नाही. टीव्ही लावला की तुझीच मालिका पुढे चालू होते आपोआप, तू जिथे सोडली असशील तिथून. त्या इंजिनाची घरघर चालू झाली की दहा मिनिटांत माझा डोळा लागतो." मग जरा थांबून म्हणाला, "घरच्यासारखं वाटतं."

म्हणजे मीच रोज एक भाग बघून सोडत होते, तो पुढचा लावून घोरत होता, आणि मी त्या घोरण्याचं प्रेमपत्र वाचत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसाच नव्हता. तरी त्या 'घरच्यासारखं वाटतं'ने मी क्षणभर विरघळले, हे कबूल करते. बिचारा, वाटलं. मग लक्षात आलं की त्याला आठवण आली होती ती माझी नाही, माझ्या मालिकेतल्या इंजिनाची. आणि गंमत म्हणजे, मला त्याचा राग आला नाही. मला रडू येईल म्हणून मी वाट बघत होते. तसं काही होईना. उलट बरगड्यांभोवती कुणीतरी दोन महिने आवळून धरलेला पट्टा एक भोक सैल केल्यासारखं झालं. मला ते आवडलं नाही. बाई ग, म्हटलं, हे सुटल्यासारखं कसलं वाटतंय तुला? घर पुन्हा भरणार होतं, ते रिकामंच राहणार, आणि तुला बरं वाटतंय? पण वाटत होतं. लपवून काय उपयोग? उद्या तो परत आला असता, तर मी जेवणाच्या टेबलावर बगळ्याची वाट बघत बसले असते. ड्वेन म्हणाला असता, "मीठ दे." आणि मी प्रत्येक वेळी त्या मिठामागे काहीतरी शोधलं असतं. हळूहळू मला त्याचा तिटकारा आला असता. त्याने न लिहिलेल्या शब्दांसाठी मी त्याला शिक्षा दिली असती, वड्याचं तेल वांग्यावर, उरलेला जन्मभर.

मग मी बगळ्याचं उत्तर उघडलं. आदल्या दिवशी मीच विचारलं होतं, "ऑरिक परत आला, तर वेशाने दार उघडावं का?" उत्तर असं होतं: "डेकवाल्यांनो, आज मी नियम मोडते आहे, हवं तर मला काढून टाका. मी म्हातारी बाई आहे, समुद्रकाठी राहते. आमच्या घरातला ऑरिक मी होते. माझा हॅरॉल्ड एकदा म्हणाला होता की त्याला पुन्हा बोटीवर जायचंय. मी केकवर साखर घालत होते, मी म्हणाले, बरं. तो पुन्हा बोलला नाही आणि मी विचारलं नाही. तो वारला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तेव्हा दार उघडावं की नाही, हे मला ठाऊक नाही. पण मुली, तू हे मला विचारत नाहीयेस, असं मला बरेच दिवस वाटतंय. ज्याला विचारायचं त्याला जाऊन विचार. मी फक्त मालिका बघते."

मुली! साठीला आलेल्या बाईला मुली. मला हसू आलं आणि डोळेही भरले. त्या बाईचं जे दुःख होतं ते मी माझ्या नवऱ्याच्या अंगावर चढवलं होतं, उसना कोट चढवावा तसं, आणि वर म्हणत होते, किती शोभतोय. मी लॅपटॉप मिटला. खोलीत पान्याचा आवाज, बाहेर शेजाऱ्याच्या फावड्याने बर्फ खरवडल्याचा आवाज.

"माझी खुर्ची कुठे ठेवायची?" ड्वेन म्हणाला. "ती पाय पसरायची. तिच्या जागी तू झाडं ठेवलीयेस."

"ड्वेन, उद्या येऊ नकोस."

पाना थांबला. "झाडं राहू देत ग, मी आपला—"

"झाडांचं नाही. राहायलाच येऊ नकोस. मी तुला ये म्हणाले ते एका गैरसमजातून. मला वाटलं होतं की तू बदललास. तू नाही बदललास. तुझी काही चूक नाही त्यात, तू कधी म्हणालाच नव्हतास बदललोय म्हणून. पण मला तू आहेस तसा पुन्हा घरात नकोयस." बोलून झालं आणि मला धाप लागली.

तो सरपटत बाहेर आला. कपाळावर काळं ग्रीस, केसांत कोळिष्टक. जमिनीवरच बसला, कपाटाला पाठ टेकून, आणि फडक्याने एकेक बोट पुसायला लागला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, मग दुसरा हात. मला वाटलं, आता हा रडेल. सत्तावीस वर्षांत मी त्याला एकदाच रडताना पाहिलं होतं, त्याच्या वडिलांच्या वेळी. मी मनाची तयारी केली. पाघळायचं नाही, असं बजावलं स्वतःला.

"म्हणजे," तो फडक्याकडे बघत म्हणाला, "मी आलोच नाही, तर तुला चालेल?"

"चालेल."

"नक्की? मागनं रडणारबिडणार नाहीस ना?"

"नाही रे बाबा."

आणि ड्वेनने श्वास सोडला. असा लांब, की मला वाटलं त्याच्या आत कुणी आठवडाभर दार लावून बसलं होतं. "हुश्श," तो म्हणाला. "लॉर, राग मानू नकोस. आज बाहेर गाडीतच बसलो होतो बराच वेळ. खोकी उतरवायला हातच उचलेना. आठवडाभर जेवण गेलं नाही मला. कर्टिसने विचारलं, आजारी आहेस का."

"मग तू हो कशाला म्हणालास?"

"तू इतकी गोड बोलायला लागलीस! फोन काय, हॅम काय. म्हटलं, ही एवढं करतेय, आता नाही कसं म्हणायचं? मला तिथे बरं वाटतं ग गॅरेजवर. कर्टिस दिवसाला चार शब्द बोलतो, त्यातले दोन कुत्र्याशी. मला कुणी विचारत नाही की मनात काय चाललंय. माझ्या मनात खरंच काही चालू नसतं, लॉर. तू कधी विश्वास ठेवला नाहीस."

पहिल्यांदा मला झोंबलं. झोंबणारच. आपण एखाद्याला नको म्हणावं आणि त्याने पेढे वाटावेत! "अरे मेल्या," मी म्हणाले, "निदान थोडं वाईट तरी वाटू दे!" तो घाबरून म्हणाला, "वाटतंय की, वाटतंय!" आणि त्याचा तो ग्रीसने माखलेला, कसाबसा दुःखी केलेला चेहरा बघून मला हसू फुटलं. मी हसले तसा तोही हसायला लागला, आधी भीत भीत, मग पोट धरून. मी खुर्चीवरून उतरून त्याच्या समोर जमिनीवर बसले, कारण हसता हसता मला धड बसवेना. माझा जीव भांड्यात पडला होता, त्याचाही पडला होता, आणि ते दोघांनाही दिसत होतं. सत्तावीस वर्षं एका छताखाली राहून, एकाच क्षणी दोघांना अगदी एकच गोष्ट वाटली, असं आमचं कधी झालं नव्हतं. ते आज झालं. आम्ही किती वेळ तसे बसलो होतो कोण जाणे. मग ड्वेन डोळे पुसत म्हणाला, "आता मी निघू शकतो ना?" आणि मी म्हणाले, "हो, नीघ," आणि इतक्या मायेने मी त्याला आजवर कधी काही म्हणाले नव्हते.